लुफ्ट यांची रुग्ण: आवर सुटलेल्या पेशीश्वसनाचं एक प्रकरण

पस्तिशीतली एक स्वीडिश बाई. उंची १५९ सेंटिमीटर, वजन जेमतेम ३८ किलो. दिवसाला ३००० किलोकॅलरींपेक्षा जास्त अन्न पोटात जातं, तरी अंगी काही लागत नाही. घामाने सतत निथळलेली. तहान भागत नाही, पण पाणी इतकं पिऊनही लघवी त्या मानाने वाढलेली नाही. आणि जोडीला अशक्तपणा. हे सगळं वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास सुरू झालेलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ रोल्फ लुफ्ट यांच्याकडे तिचा अभ्यास झाला. १९६२मध्ये लुफ्ट, इक्कोस, पाल्मिएरी, अर्न्स्टर आणि अफ्झेलियस या पाच जणांनी तिच्यावर सविस्तर शोधनिबंध लिहिला. पेशीतल्या तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या, बिघाडातून झालेला आजार म्हणून प्रयोगाने दाखवून दिलेलं हे पहिलं प्रकरण.

पेशीश्वसन शिकवताना आपण ग्लुकोजपासून सुरुवात करतो आणि एटीपीच्या, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते त्या रेणूच्या, बेरजेवर थांबतो. या बाईची गोष्ट त्या बेरजेच्या पलीकडे नेते. पेशी अन्न जाळते हे खरं, पण किती जाळायचं हे ती कशावरून ठरवते? या प्रश्नाचं उत्तर निरोगी माणसात दिसत नाही, कारण तिथे सगळं बिनबोभाट चालू असतं. ज्याच्यात तो आवर सुटला, त्याच्यातच तो दिसतो.

आधी आकडे जुळवून बघू. माणूस उपाशीपोटी, शांत पडून असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तो मूलभूत चयापचय दर. या बाईत तो अपेक्षेपेक्षा जवळपास २०० टक्क्यांनी जास्त होता, म्हणजे तिपटीच्या घरात. तिच्या उंची-वजनाच्या बाईला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ११५० किलोकॅलरी पुरतात. तिप्पट धरले तर झाले ३४५०. म्हणजे चालणं, काम करणं दूरच. पलंगावर पडल्या-पडल्या तिचं सगळं जेवण संपत होतं. वजन का वाढत नाही, हे कोडं इथेच सुटतं. भूक हा तिचा आजार नव्हता, ते शरीराने लावलेलं बरोबर गणित होतं.

ऑक्सिजनचा हिशोबही असाच लागतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला की अन्नातून सुमारे ४.८ किलोकॅलरी मोकळ्या होतात. तिच्या बांध्याच्या बाईला विश्रांतीत मिनिटाला १६५ मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन लागावा. हिला ५०० लागत होता. झपझप चालणाऱ्या माणसाचा खर्च हिला झोपेतसुद्धा!

आता घाम. जादा मोकळी झालेली २३०० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर टाकायलाच हवी. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. सगळा भार घामावर टाकला तर दिवसाला चार लिटर जादा पाणी कातडीवाटे जाणार. म्हणून तहान प्रचंड आणि लघवी बेताची. मधुमेहात तहान लागते ती लघवीतून पाणी जातं म्हणून. इथे पाण्याची वाट निराळी होती. लक्षणांची यादी पाठ करण्यापेक्षा असा हिशोब मांडला, की चार वेगवेगळ्या तक्रारी एकाच कारणाशी येऊन भिडतात. मला हे प्रकरण शिकवायला इतकं मोलाचं वाटतं त्याचं हे एक कारण.

वजन घटतंय, घाम येतोय, भूक वाढली आहे असं म्हटलं की आजही कोणताही डॉक्टर आधी थायरॉइडकडे बघेल, आणि ते बरोबरच आहे. थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की चयापचय वाढतो. पण या बाईच्या थायरॉइडच्या चाचण्या सर्वसाधारण होत्या. थायरॉइडला लक्ष्य धरून केलेल्या उपचारांनी आजार हटला नाही. इथे बहुतेक ठिकाणी फाइल बंद झाली असती, किंवा 'मानसिक' असा शेरा पडला असता. लुफ्ट यांनी वेगळा विचार केला. संप्रेरक हा निरोप असतो. ऊर्जा प्रत्यक्षात खर्च होते ती पेशीत. निरोप नेहमीसारखाच असेल, तर तो जिथे पोचतो तिथेच काही बिघडलं असणार. शरीरातला मोठा ऊतक म्हणजे स्नायू. तेव्हा स्नायूचा तुकडा काढून त्यातल्या तंतुकणिका तपासायच्या, असं ठरलं.

आज हे सरळ वाटतं. त्या काळी श्वसनाचा अभ्यास उंदराचं यकृत, कबुतराचा स्नायू, बैलाचं हृदय यांवर चाले. जिवंत माणसाच्या स्नायूतून थोडासा तुकडा घेऊन, त्यातून काम करणाऱ्या तंतुकणिका वेगळ्या काढून, त्यांचा ऑक्सिजन मोजायचा हा प्रकार नवा होता. स्टॉकहोममध्येच लार्स अर्न्स्टर हे जीवरसायनतज्ज्ञ त्यावर काम करत होते. दवाखाना आणि प्रयोगशाळा एकाच शहरात असणं आणि त्यातली माणसं एकमेकांशी बोलत असणं, यावर हे निदान उभं आहे.

त्यांनी काय मोजलं ते कळायला निरोगी पेशीत काय होतं ते नीट बघावं लागेल. ग्लुकोजचे तुकडे पेशीद्रवात होतात, पुढचं क्रेब्ज चक्र तंतुकणिकेच्या आत चालतं. हे दोन टप्पे मी इथे थोडक्यात सोडतो, कारण त्यांतून थेट मिळणारा एटीपी फार थोडा. त्यांचं मुख्य काम अन्नातले इलेक्ट्रॉन काढून एनएडीएच आणि एफएडीएच२ या वाहकांवर चढवणं. खरी कमाई तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर होते. तिथे प्रथिनांच्या साखळीतून इलेक्ट्रॉन पुढे-पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन जवळजवळ सगळा या शेवटच्या पायरीवर खर्च होतो. इलेक्ट्रॉन वाहताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्या जोरावर साखळीतले तीन प्रथिनसंच प्रोटॉन पटलाबाहेर ढकलतात. बाहेर प्रोटॉन साचतात, आत कमी पडतात. पटलाच्या दोन बाजूंत सुमारे १५० ते २०० मिलिव्होल्टचा ताण तयार होतो. हे आकडे किरकोळ वाटतील, पण पटलाची जाडी काही नॅनोमीटर आहे हे ध्यानात घेतलं तर तो विजेचा ताण प्रचंड ठरतो.

प्रोटॉनना परत आत यायचं असतं आणि त्यांच्यासाठी मुख्य वाट एकच: एटीपी सिंथेझ नावाचं विकर. त्यातून प्रोटॉन आत येताना विकराचा एक भाग अक्षरशः फिरतो, आणि त्या फिरण्यावर एडीपीला, म्हणजे एक फॉस्फेट कमी असलेल्या रेणूला, फॉस्फेट जोडून एटीपी तयार होतो.

आता कळीचा मुद्दा. एडीपी नसेल तर हे विकर फिरत नाही. विकर थांबलं की प्रोटॉनची वाट बंद. बाहेर ताण वाढत जातो, इतका की आणखी प्रोटॉन ढकलणं साखळीला जड होतं. साखळी मंदावते, वाहकांवरचे इलेक्ट्रॉन उतरत नाहीत, क्रेब्ज चक्र मंदावतं, ऑक्सिजन लागेनासा होतो. आणि एडीपी येतं कुठून? एटीपी वापरला गेला की. म्हणजे स्नायू आखडला, एटीपी खर्च झाला, एडीपी उरलं, तरच पुढचं श्वसन. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा फार थोडा असतो, आणि दिवसभरात तेच रेणू पुन्हा पुन्हा वापरून आपण साधारण आपल्या वजनाइतका एटीपी घडवतो आणि मोडतो. साठवून ठेवण्याची सोय नसलेल्या वस्तूचं उत्पादन मागणीला घट्ट बांधलेलं असावंच लागतं. याला श्वसनाचं नियंत्रण म्हणतात. १९५०च्या दशकात लार्डी, चान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत मोजून दाखवलं होतं: तंतुकणिकांना खाद्य द्या, ऑक्सिजन हळूहळू वापरला जातो, चिमूटभर एडीपी टाका, वापर एकदम उसळतो, एडीपी संपलं, पुन्हा मंद.

लुफ्ट यांच्या रुग्णाच्या तंतुकणिकांत ही उसळी जवळजवळ दिसलीच नाही. एडीपी टाकण्याआधीच त्यांचा वेग चढलेला होता. मागणी असो-नसो, साखळी पळतच होती. तरी त्याच तंतुकणिका एटीपी बनवूही शकत होत्या; वापरलेल्या ऑक्सिजनमागे मिळणाऱ्या एटीपीचं प्रमाण सर्वसाधारणापासून फार दूर नव्हतं. म्हणजे जोडणी पुरती तुटलेली नव्हती. ती सैल होती. एडीपी हजर असेल तेव्हा काम नीट चाले, पण एडीपी नसताना थांबायचं कसं हे त्या विसरल्या होत्या. गळक्या रांजणात पाणी ओतत राहावं, तशी साखळी प्रोटॉन बाहेर टाकत राहायची आणि ते भलत्या वाटेने परत झिरपायचे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण चांगल्या लेखांतही तो आढळतो. 'निरोगी माणसात अन्नाचा एटीपी होतो, हिच्यात उष्णता झाली' असं सांगितलं जातं. पण निरोगी माणूस स्वस्थ पडलेला असतो तेव्हा त्याच्याही अन्नातली ऊर्जा शेवटी उष्णताच होते. एटीपी बनतो आणि आतल्या आत मोडतो, बाहेर काही काम होत नाही. फरक ऊर्जेच्या शेवटात नाही, वेगात आहे. निरोगी शरीरात एटीपीच्या मागणीचा लगाम आहे म्हणून ११५० वर भागतं. हिच्यात लगाम नव्हता म्हणून ३४५०.

स्नायूचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ब्यर्न अफ्झेलियस यांनी पाहिला. तंतुकणिका संख्येने बेसुमार वाढलेल्या, काही अवाढव्य, आतल्या पटलाच्या घड्या दाटीवाटीने भरलेल्या, काहींत स्फटिकासारखे अडकलेले कण. हे चित्र जीवरासायनिक मोजमापांशी मिळतंजुळतं होतं. शोधनिबंधाचं सगळं वजन या मेळात आहे: रुग्णाची तक्रार, परीक्षानळीतला ऑक्सिजन आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र हे तिन्ही एकाच माणसाच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतात.

वर मी प्रोटॉन, ताण, झिरपणं अशा भाषेत सांगितलं. लुफ्ट आणि अर्न्स्टर यांना १९६२मध्ये ही भाषा जवळपास उपलब्ध नव्हती. पीटर मिचेल यांनी प्रोटॉनच्या ताणाची कल्पना १९६१मध्ये मांडली होती, पण ती मान्य व्हायला बराच काळ जायचा होता. त्यांना नोबेल मिळालं १९७८मध्ये. तोवर बहुतेक जण इलेक्ट्रॉन आणि एटीपी यांच्यामध्ये एखादा ऊर्जासंपन्न रासायनिक मध्यस्थ शोधत होते, आणि तो सापडत नव्हता. एटीपी सिंथेझ फिरतं कसं हे उलगडल्याबद्दल बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं ते आणखी पुढे, १९९७मध्ये. यंत्रणा माहीत नसतानाही 'जोडणी सैल आहे' हे निदान अचूक ठरलं, कारण ते कल्पनेवर नव्हे, मोजमापावर उभं होतं. मला या शोधनिबंधातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते.

तिच्यासारखीच अवस्था औषधाने घडवता येते हे मात्र वैद्यकाला आधीच माहीत होतं, आणि ते फार महागात पडलं होतं. डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हे रसायन हाताळणारे कामगार घामाघूम होत, वजन घटे, ताप चढे आणि काही दगावत. १९३३मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वजन कमी करण्यासाठी त्याचा वापर सुचवला. एक-दोन वर्षांत हजारो लोक ते घेऊ लागले. मोतीबिंदू, तापाने मृत्यू अशा घटना पुढे आल्या, आणि १९३८च्या औषधविषयक कायद्यानंतर ते माणसांसाठी बंद झालं. १९४८मध्ये लूमिस आणि लिपमन यांनी दाखवलं की डीएनपी श्वसन चालू ठेवतं आणि एटीपी बनणं तोडतं. आज आपल्याला ठाऊक आहे की हा लहानसा रेणू पटलातून प्रोटॉन आत नेऊन सोडतो. तो किती गळती करेल याला वरची मर्यादा नाही. मात्रा जराशी चढली की शरीराचं तापमान आवरेनासं होतं, आणि उतारा नाही. असं असूनही 'फॅट बर्नर' म्हणून ते इंटरनेटवरून चोरून विकलं जातं आणि त्याने तरुण मुलं मेली आहेत. जिममध्ये कोणी पिवळी पूड किंवा कॅप्सूल पुढे केली तर ती घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगायलाच हवं.

गळती ही नेहमी रोगच असते असंही नाही. नवजात बाळाच्या पाठीकडच्या तपकिरी चरबीत थर्मोजेनिन नावाचं प्रथिन प्रोटॉनना मुद्दाम वाट देतं. बाळ कुडकुडल्याशिवाय ऊब धरतं ती त्यामुळे. आणि थोडीफार गळती तुमच्या-माझ्या सगळ्याच तंतुकणिकांत असते. उंदरांमधल्या अभ्यासांनुसार मूलभूत चयापचयाचा सुमारे पाचवा हिस्सा तिच्यात जातो. शालेय पुस्तकात एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी लिहिलेले असतात. आता ३० ते ३२ धरतात, आणि तेही जोडणी घट्ट असेल तर.

मग एटीपी बनत असूनही ती थकलेली का? शोधनिबंधातल्या मोजमापांवरून मला असं वाटतं की एटीपीचा सरळ तुटवडा हे पूर्ण उत्तर नाही. ३८ किलोच्या शरीरात स्नायूच मुळात थोडे. जे आहेत ते विश्रांतीतही इंधन जाळतात, त्यामुळे कष्टासाठी हाताशी राखीव काही उरत नाही. हृदयाला तिप्पट ऑक्सिजन पोचवायचा आणि वर उष्णता टाकण्यासाठी कातडीकडे रक्त वळवायचं. दिवसभर चढण चढणाऱ्या माणसाला संध्याकाळी कामाला लावल्यासारखं हे.

उपचाराच्या बाजूने सांगण्यासारखं फार थोडं आहे. १९७१मध्ये बैरूतमधून अशाच दुसऱ्या रुग्णाची नोंद झाली. तिच्यात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक वापरून पाहिलं गेलं. विचार पक्का होता: तंतुकणिकांची प्रथिनं बनवणारी रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमसारखी असतात, ती या औषधाने दबतात, म्हणजे बेसुमार वाढलेल्या तंतुकणिकांना लगाम बसेल. काही काळ थोडा फरक पडला, आजार हटला नाही. याच रुग्णाच्या स्नायूवर पुढे डीमॉरो आणि सहकाऱ्यांनी काम केलं. तंतुकणिका कॅल्शियम धरून ठेवू शकत नाहीत आणि ते आत-बाहेर करण्यात ऊर्जा वाया जाते, असा त्यांचा अंदाज होता. लुफ्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा आजार इतका विरळा की घाम, भूक आणि घटतं वजन अशी तक्रार असणाऱ्याने आधी थायरॉइड, मधुमेह, क्षय यांचीच तपासणी करावी. त्याच गोष्टी निघतात.

या प्रकरणाने दार मात्र उघडलं. १९६३मध्ये, पुन्हा स्टॉकहोममध्येच, मार्गिट आणि सिल्व्हन नास यांनी तंतुकणिकांच्या आत डीएनए दाखवला. १९८१मध्ये माणसाच्या तंतुकणिकेतल्या डीएनएचा १६,५६९ अक्षरांचा पूर्ण क्रम केंब्रिजमध्ये वाचला गेला. १९८८मध्ये त्यातले बिघाड रोगांशी जोडले गेले. आज तंतुकणिकांचे शेकडो आजार माहीत आहेत आणि साधारण पाच हजारांत एकाला त्यांपैकी काही ना काही असतं. गंमत अशी की बहुतेकांची दिशा या बाईच्या उलट आहे: साखळी मंद, एटीपी अपुरा. घराण्यातला पहिला सापडलेला आजारच सर्वांत वेगळा निघाला.

आणि मग २०२२मध्ये जुळ्या भावंडांचं प्रकरण आलं. जन्मापासून भूक भरपूर, वजन वाढत नाही, श्वास जलद. त्यांच्या एटीपी सिंथेझच्याच एका घटकाच्या जनुकात, एटीपी५एफ१बीमध्ये, बदल सापडला. प्रोटॉन त्या विकरातूनच, एटीपी न बनवता, गळत होते. लुफ्ट यांच्या रुग्णाच्या तंतुकणिकांतही एटीपी मोडण्याची क्रिया मुळातच चढलेली होती. निरोगी तंतुकणिकांत ती डीएनपी टाकल्यावर चढते. त्यामुळे हे वाचताना संशय साहजिकच त्याच विकराकडे जातो. पण गळती कुठूनही असली, तरी ताण उतरला की हे विकर उलटं फिरून एटीपी मोडू लागतं, म्हणजे एवढ्या खुणेवरून जागा पकडता येत नाही. १९६२च्या मोजमापांतून गळती आहे एवढं सिद्ध होतं, ती कोणत्या प्रथिनात हे नाही.